भीमाशंकर अभयारण्य: मान वर करून बघायचं जंगल

भीमाशंकरला नेटवर जे तारे मिळतात ते एक तर देवळाला दिलेले असतात, नाहीतर पार्किंगला. दर्शन पंधरा मिनिटांत झालं की पाच तारे, श्रावणी सोमवारी चार तास रांगेत गेले की एक. जंगलाच्या वाट्याला फार तर एक ओळ येते, ‘परिसर निसर्गरम्य आहे, माकडांपासून सावध.’ म्हणून इथे देऊळ बाजूला ठेवून फक्त अभयारण्याचा हिशेब मांडलाय. जंगल म्हणून पाचपैकी साडेचार. जंगल बघण्याची सोय म्हणून अडीच. या दोन्हींची सरासरी काढू नका. तुम्ही कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी आणि कोणत्या वाटेने जाता, त्यावर यातला कुठला आकडा तुमच्या वाट्याला येणार ते ठरतं.

१९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य १३०.७८ चौरस किलोमीटरचं आहे. पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलंय. आंबेगाव आणि खेड तालुक्यांचा घाटमाथा, आणि कड्याखाली कर्जत-मुरबाडकडचं कोकण. ते राखलं मुख्यतः शेकरूसाठी, म्हणजे झाडावर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी, महाराष्ट्राच्या राज्यप्राण्यासाठी. आत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत, भातखाचरं आहेत, हिरड्याची झाडं आहेत, देवाच्या नावाने राखलेल्या राया, म्हणजे देवरायाही आहेत. कुंपण घातलेलं, माणूस बाहेर काढलेलं जंगल डोळ्यांपुढे आणून आलात तर पहिल्या तासातच वैतागाल. वाटेत म्हशी आडव्या येतील, बायका डोक्यावर मोळी घेऊन समोरून जातील. हे असंच आहे, आणि जंगल टिकलंय त्यात या गावांच्या देवरायांचा वाटा मोठा आहे.

ताडोबा-पेंच करून आलेला माणूस इथे हमखास फसतो. तिथे जिप्सीत बसून नजर समोर, जमिनीवर ठेवायची सवय लागलेली असते. इथे जिप्सी नाही, पाणवठ्याशी थांबून वाघाची वाट बघणं नाही. जे बघायचं ते दहा-पंधरा मीटर उंचीवर, पानांच्या छपरात चाललेलं असतं. त्यामुळे दोन तासांनी मान दुखली नाही तर बघणं झालं नाही असं खुशाल समजावं.

हे छप्पर कसलं आहे ते कळलं तर शोधणं सोपं जातं. घाटमाथ्यावर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे, वर कड्यावरून येणारा वारा. म्हणून झाडं सह्याद्रीच्या दक्षिण टोकासारखी उंच जात नाहीत. खुजी राहतात, खोडं वाकडीतिकडी होतात, शेंडे मात्र एकमेकांत गुंततात. वनस्पतिशास्त्राची मंडळी या जंगलाची ओळख तीन झाडांवरून सांगतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. जोडीला आंबा, हिरडा, उंबर, बेहडा, गेळा. खाली कारवी आणि करवंदीच्या जाळ्या. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा त्या वर्षी फुलली नसेल तर ‘काहीच फुललं नव्हतं’ म्हणून कुरकुर करू नये. अंजनी मात्र दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला निळ्या-जांभळ्या फुलांनी फांदीला चिकटून फुलते. वाटेवर निळा चुरा सांडलेला दिसला की वर बघा.

आता शेकरू. दिसतं ते बहुतेक वेळा आधी शेपटीने. फळ खाताना ते मागच्या पायांनी फांदी पकडतं, पुढे झुकून दोन्ही हातांत फळ धरतं, आणि तोल सांभाळायला शेपटी फांदीच्या दुसऱ्या बाजूने सरळ खाली लोंबत ठेवतं. फांद्या सगळ्या आडव्या-तिरप्या असतात. त्यात अगदी ओळंब्यासारखी उभी, जाड, केसाळ रेघ दिसली की तिथेच थांबायचं. अंग दीड फुटाच्या आतबाहेर, शेपटी तेवढीच किंवा जरा जास्तच, वजन दीड ते दोन किलो. पाठ विटकरी-तांबूस, गळा आणि पोट सायीच्या रंगाचं, शेपटीचा शेवटचा भाग फिकट. दक्षिणेकडच्या शेकरूंच्या अंगावर जो काळा रंग असतो तो इथल्या उपजातीत नाही. तिचं नाव रतुफा इंडिका एल्फिन्स्टोनाय. केरळ-तामिळनाडूत काढलेले दुरंगी, काळे-तांबडे फोटो पाहून आलेले लोक इथलं शेकरू पाहून ‘हे पिल्लू का?’ असं विचारतात. पिल्लू नाही, पूर्ण वाढलेलं इथलंच शेकरू आहे.

शोधायची रीत अशी. सकाळी ऊन शेंड्यांवर पडायच्या सुमाराला, म्हणजे हिवाळ्यात सातनंतर, राईत शिरून दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. चालायचं नाही. शेकरूचा आवाज एका दमात कटकट-कटकट असा वाजत जातो, लाकडी खुळखुळा जोरात हलवावा तसा, आणि खूप दूरवर ऐकू येतो. वानरांचं खाकरणं याहून जाड आणि तुटक असतं. घोटाळा एक-दोनदा होतो, मग होत नाही. आवाज नसेल तर जमीन बघायची. हिरवी, नुकती कुरतडलेली डहाळी, अर्धवट खाल्लेली फळं, सालीचा चुरा एका झाडाखाली पडलेला असेल आणि कापलेली बाजू अजून ओली असेल तर प्राणी वर आहे किंवा आत्ताच शेजारच्या झाडावर गेलाय. वानरंही पाला पाडतात, पण त्यांचा सडा चार झाडांखाली असतो आणि फांद्या मोडलेल्या असतात, कुरतडलेल्या नसतात.

तिसरी खूण घरट्यांची. शेकरू काड्या आणि पानांचं गोल घरटं बांधतं, फुटबॉलपेक्षा मोठं, आणि बहुधा उंचावर बारीक फांद्यांच्या बेचक्यात, जिथे शेजारच्या झाडाच्या फांद्याही येऊन भिडतात अशा जागी. बारीक फांदीवर जड शिकारी चढू शकत नाही, आणि चढलाच तर पळायला दोन-तीन वाटा मोकळ्या असतात. कावळ्याचं किंवा गरुडाचं घरटं वरून उघडं, परातीसारखं असतं. हे चेंडूसारखं बंद. एकच शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे पाच घरटी दिसली म्हणजे पाच शेकरू असा हिशेब करू नये. पानं हिरवी असतील तर घरटं ताजं, सगळी तपकिरी आणि विसविशीत झाली असतील तर सोडून दिलेलं. ताज्या घरट्याच्या बुंध्याशी ठाण मांडून बसणं ही फोटोवाल्यांची आवडती चूक आहे. पिल्लं असतील तर आई घरट्याकडे फिरकत नाही आणि तुम्हाला फोटोही मिळत नाही. वीस-पंचवीस पावलं मागे, खोडाच्या आडोशाला बसावं.

चाहूल लागली की ते पळतंच असं नाही. बऱ्याचदा खोडाला किंवा जाड फांदीला पोट चिकटवून निपचित पडतं, आणि तांबडी पाठ सालीत अशी मिसळते की पाहता पाहता नाहीसं होतं. अशा वेळी ‘गेलं’ म्हणून पुढे जाऊ नका. पंधरा मिनिटं थांबा. शेपटीचं टोक आधी हलतं. दुपारी अकरा ते साडेतीन शोधण्यात अर्थ नाही. त्या वेळी ते फांदीवर पाय सोडून पसरलेलं असतं. साडेतीननंतर पुन्हा हालचाल सुरू होते आणि सूर्य मावळायच्या आत ते घरट्यात शिरतं. संध्याकाळी सहाला पोचून ‘शेकरू दाखवा’ म्हणणाऱ्याला कुणीच काही दाखवू शकत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. देवळाच्या पायऱ्यांजवळ, दुकानांच्या मागे, माणसाळलेलं शेकरू हमखास दिसू शकतं. लोक बिस्किटं, शेंगदाणे टाकतात. त्याला शेकरू दिसलं म्हणायचं असेल तर म्हणा. पण झाडावरचा हा प्राणी खाऊसाठी जमिनीकडे उतरायला शिकला की कुत्र्याच्या तोंडी जातो; जमिनीवर तो ना चपळ ना सुरक्षित. याच कारणाने रस्ता रुंद होणं इथे वाटतं त्याहून जास्त महाग पडतं. शेकरूची उडी जास्तीत जास्त सहा मीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंचे शेंडे त्याहून लांब गेले की पलीकडच्या राईत जायला त्याला डांबरावरून जावं लागतं. गाडीतून जाताना ज्या पट्ट्यात रस्त्यावर फांद्यांची कमान आहे तिथे वर नजर ठेवा. तोच त्याचा पूल असतो.

वाटांपैकी पहिली पसंती गुप्त भीमाशंकरच्या वाटेला. देवळाजवळून निघून ओढ्याच्या कडेने, दाट सावलीतून जाणारी ही वाट रमत-गमत जाऊन-येऊन दोन-अडीच तासांची आहे. सकाळी साडेसहाला निघालात तर पहिला तास जंगल तुमचं एकट्याचं. नऊनंतर भाविक यायला लागतात आणि मोबाइलवरची भजनं सुरू होतात. शेकरूबरोबरच इथे ओढ्याच्या दगडांवर शीळकरी कस्तूर मिळतो. निळसर काळा पक्षी, आणि आवाज असा की कुणीतरी बेफिकीर पोरगा शीळ घालत चाललाय. पावसाच्या आधी आणि पावसात तो खरा गातो. हिवाळ्यात बहुधा नुसती एक बारीक किंकाळी मारून उडतो. फळांवर आलेल्या उंबरावर मलबारी राखी धनेश बघावा. त्याचा आवाज म्हणजे कुणीतरी खवचट हसतंय असा. हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी, त्याच उंबरावर पानांत मिसळून बसलेला असतो. जमिनीवर पालापाचोळा खसखसला तर राखी रानकोंबडा. उन्हाचा कवडसा पडतो तिथे पावसाळ्याच्या शेवटी नीलवंत फुलपाखरू, काळ्या पंखांवर निळी झळाळी. तेही राज्याचंच मानचिन्ह, २०१५ पासून.

हनुमान तळं आणि नागफणीची वाट बघण्यासारखी आहे ती कड्यासाठी. नागफणीवरून खाली कोकण, समोर पदरगड, आणि वाऱ्यावर तरंगणारे शिकारी पक्षी डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याच्याही खाली दिसतात. तुरेवाला सर्पगरुड आवाजाने ओळखू येतो. काळा गरुड दिसला तर नीट बघावं: लांब पंख, झाडांच्या शेंड्यांना घासून जाईल इतकं हळू आणि खालून उडणं. तो घरटी तपासत चाललेला असतो. अंडी, पिल्लं, जमलं तर शेकरूचं पिल्लूसुद्धा. त्याच्या वाटेवर शेकरूंची कटकट एका राईतून दुसऱ्या राईत सरकत जाते, आणि तिच्यावरून गरुड कुठे आहे ते न बघताही कळतं. पावसाळ्यात मात्र नागफणीवर धुक्याची भिंत सोडून काही नसतं. कड्याच्या काठावर धुकं आणि शेवाळ एकत्र असताना तिथे जायचं काहीही कारण नाही.

पायी येणाऱ्यांसाठी भोरगिरी-भीमाशंकर ही वाट आमच्या मते सगळ्यांत चांगली. राजगुरुनगरहून वाडा, डेहणे करत भोरगिरीला यायचं आणि भीमेच्या खोऱ्यातून वर चढायचं. तीन ते चार तास, चढ बेताचा, सावली भरपूर. वाट चुकते ती एकाच कारणाने: गुरांच्या वाटांचे फाटे. मुख्य वाटेइतकेच ते रुळलेले असतात आणि दोन-तीनशे पावलांवर गवतात विरतात. वाट विरली की पुढे रेटू नका, शेवटच्या ठळक फाट्यापर्यंत मागे या.

कोकणातून यायचं तर खांडस. तिथून दोन वाटा: गणपती घाट लांब पण सरळ, शिडी घाट आखूड पण उघड्या कातळावरचा, शिड्या असलेला. शिडी घाटाबद्दल फुशारकीने लिहिलेलं पुष्कळ सापडेल. कोरड्या दिवसांत, सरावाच्या माणसाबरोबर ठीक. पावसात नाही. कातळ निसरडा होतो हे एक, आणि वरून आलेल्या पाण्याचा लोंढा नेमका त्याच घळीतून उतरतो हे दुसरं. पावसाळ्यात बंदीचे आदेशही निघतात. वन्यजीव बघायचे म्हणून येणाऱ्याला शिडी घाटात वेगळं काही मिळत नाही. दोन्ही हात कातळाला धरलेले असताना दुर्बीण कशी लावणार?

आहुपे हे या अभयारण्याचं सगळ्यांत कमी दाद मिळालेलं टोक. घोड नदीच्या खोऱ्याच्या अगदी वरच्या तोंडाशी, कड्यावरचं गाव. समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके, आणि गावाला लागून देवराई. देवराईतला फरक पाय ठेवताच कळतो: बाहेर छाटलेल्या हिरड्यांचा विरळ माळ, आत गार, अंधारी, जाड बुंध्यांची राई आणि त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या वेली. सह्याद्रीतल्या देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात काम केलं. ते वाचून मग इथे आलात तर प्रत्येक झाडापाशी जास्त वेळ जाईल. देवराईत चपला काढायला सांगितलं तर काढा. फांदी, मध, वाळकं लाकूडसुद्धा उचलू नका. तिथे तो नियम कागदावरचा नाही.

वाटाड्याबद्दल. निगडाळे, कोंढवळ, भोरगिरी, आहुपे या गावांत वाट आणि झाडं दोन्ही जाणणारी माणसं आहेत, आणि इथल्या अडीच ताऱ्यांतले दोन त्यांचे. पण काय विचारता त्यावर काय मिळतं ते ठरतं. ‘दादा, शेकरू दाखवाल का?’ असं विचारलंत तर बिस्किट खाणारं शेकरू दाखवून अर्ध्या तासात मोकळे होतील. त्यांचा दोष नाही, बहुतेकांना तेवढंच हवं असतं. त्याऐवजी आदल्या संध्याकाळी विचारा, ‘मामा, सध्या उंबर कुठल्या राईत पिकलेत? नवी घरटी कुठं दिसतात?’ समोरच्या माणसाचा चेहराच बदलतो. पैसे आधी ठरवा, अर्ध्या दिवसाचे की पूर्ण दिवसाचे ते स्पष्ट बोला, आणि सकाळी सहाला निघायचं हे दोनदा सांगा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायचे दिवस असतात. तेव्हा घरोघरची सगळी माणसं झाडावर असतात आणि वाटाड्या मिळणं अवघड. वर्षाच्या रोख कमाईचा मोठा भाग त्या काही आठवड्यांवर असतो, त्यामुळे ‘चला की हो’ म्हणून मागे लागू नये.

हंगामाचं थोडक्यात. मार्च ते मे शेकरूसाठी सर्वांत चांगला: फळं पिकतात, पानं काही झाडांवर कमी असतात, प्राणी एका झाडावर जास्त वेळ बसतो. ऊन तापतं, पण राईत सावली असते. महाशिवरात्रीचा आठवडा टाळा. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ आणि पहाट कडाक्याची, फोटोला उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबर फुलपाखरं, कीटक, ओढ्यांचं पाणी. श्रावणात जंगल बघायला जाऊच नये, सोमवार तर नाहीच. खासगी गाड्या काही किलोमीटर अलीकडे थांबवतात, पुढे एसटीच्या फेऱ्या, आणि सगळी राई कर्ण्याच्या आवाजाने भरलेली असते.

पावसाळ्यात लोकांना ओढतं ते चमकणारं जंगल. त्याबद्दल नेटवर जितकी निराशा वाचायला मिळते ती सगळी एका गैरसमजातून आलेली आहे. कुजत्या, भिजलेल्या लाकडावर वाढणारी मायसीना गटातली बुरशी अंधारात मंद हिरवट उजळते. फोटोत जो झगझगीत हिरवा दिसतो तो कॅमेरा तीस-तीस सेकंद उघडा ठेवून मिळवलेला असतो. डोळ्यांना दिसतो तो घड्याळाच्या रेडियमच्या काट्याइतका उजेड, आणि तोही डोळे अंधाराला सरावल्यावर. त्याला वीस मिनिटं लागतात, आणि मध्ये कुणीतरी एकदा मोबाइलची टॉर्च लावली की पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं. चांदणी रात्र नको, धो-धो पाऊसही नको. आठवडाभर भिजलेलं लाकूड आणि रिपरिप हवी. रात्री अभयारण्यात परवानगीशिवाय फिरता येत नाही, म्हणून परवानगी असलेल्या गटाबरोबरच जा. चमकणारी काडी खिशात घालून आणणारे असतात. वाळली की ती साधी काडी.

बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, साळिंदर, खवल्या मांजर हे सगळं यादीत आहे आणि जंगलातही आहे. दिवसा पायी फिरणाऱ्याला भेकराचं भुंकणं ऐकू येणं शक्य आहे, बाकी बहुतेक ठसे, विष्ठा आणि उकरलेली माती. पिसोरी म्हणजे इवलंसं हरीण, सशाएवढी आणि निशाचर. दिसली म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ससाच पाहिलेला असतो. बिबट्या बघायचीच हौस असेल तर त्याची खरी वस्ती आता खाली, मंचर-नारायणगावच्या उसात आहे, आणि तिथली माणसं त्याला हौस म्हणत नाहीत.

सापांत लक्षात ठेवायचा तो हिरवा चापडा. पावसाळ्यात ओढ्याकाठी, कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीच्या फांद्यांवर गुंडाळी करून बसतो. हलत नाही. चढताना आधाराला न बघता फांदी पकडायची सवय असेल तर ती पायथ्याशीच सोडून यावी. काठी घ्या.

दुर्बीण आठ बाय बेचाळीस, दहा बाय बेचाळीस नको. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. राईत उजेड कमी असतो. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच मिलिमीटरची प्रकाशाची थाळी डोळ्याला मिळते, दहाने भागलं की जेमतेम सव्वाचार. शिवाय मान वर करून हात डोक्याच्या वर धरलेले असताना दहापट दुर्बीण थरथरते. कॅमेऱ्याला तीनशे मिलिमीटरची भिंग पुरते. फोटो बिघडतात ते एकाच तऱ्हेने: मागे पांढरं आभाळ, पुढे काळं शेकरू. एक्स्पोजर एक ते दीड टप्पा वर घ्या, आयएसओ सोळाशेच्या खाली उतरवू नका, आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून वेगवान ठेवा. उडी टिपायची तर हजाराव्या भागाहून.

पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभेमार्गे साधारण १२० किलोमीटर. वाकडेवाडीच्या स्थानकातून एसटी आहे आणि ती गैरसोयीची नाही, फक्त पहाटेच्या राईसाठी आदल्या दिवशीच पोचायला हवं. डिंभे धरणाचा जलाशय, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर, मागे पडला की पुढे पोखरीचा घाट. स्वतःची गाडी असेल तर टाकी घोडेगावातच भरा, रोख पैसेही तिथेच काढा. मुसळधार पावसात हा रस्ता निसर्गसौंदर्य म्हणून बघू नये. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून दीडशेवर माणसं गाडली गेली ते माळीण गाव याच डिंभ्याच्या पाणलोटात आहे. जोरात पाऊस सुरू असेल तर डोंगराच्या कुशीला गाडी लावून धबधब्याचे फोटो काढत बसू नका.

राहायला देवळाच्या अलीकडे एमटीडीसीचं निवास आहे, काही खासगी जागा आहेत, आणि गावांत घरगुती सोय होते. आम्ही गावातली सुचवू. पहाटे पाचला चहा मिळतो, आणि राई दारात असते. गरम पाणी चुलीवरचं, संडास वेगळा, रात्री वीज जाऊ शकते. हे चालणार नसेल तर दुसरीकडे जा, पण मग सकाळी सहाच्या आत निघणं जमतंय का ते आधी विचारून घ्या. जेवण आधी सांगावं लागतं. नाचणीची किंवा बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात हे रोजचं. मासवडी हवी असेल तर सकाळीच मावशींना सांगा. ती जुन्नर-आंबेगावची खासियत, पण करायला वेळ लागतो, आणि घाईत केली की वडीतलं सारण बाहेर येतं. देवळाजवळच्या टपऱ्यांवर वडापाव-चहा ठीक. मे महिन्यात टोपल्यांत करवंदं, जांभळं दिसली तर जरूर घ्या. ‘जंगली जडीबुटी’ म्हणून विकायला ठेवलेली मुळं आणि कंद मात्र घेऊ नका.

पाण्याच्या बाटल्या स्टीलच्या न्या, माणशी तीन लिटर. पिशवीतला खाऊ चेनच्या आत ठेवा, कारण माकडांना प्लास्टिकचा आवाज कळतो. कपडे हिरवे-तपकिरी असावेत ही सूचना लोक हसण्यावारी नेतात, आणि मग पांढऱ्या शर्टात राईत शिरून शेकरू दिसलं नाही म्हणतात.

पावसाळा सरल्यावर, गवत वाळत असताना गुरांच्या वाटांवर गोचिडी असतात. पँट मोज्यांत खोचा, गवतात टेकू नका. परतल्यावर मोजे उलटे करून झटका, गुडघ्यांच्या मागे, काखेत आणि कमरपट्ट्याखाली नीट बघा. चिकटलेली सापडली तर तेल ओतू नका, जाळू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत, तोंडाशी धरून सरळ वर ओढा. फिरवून ओढली तर तोंड आत तुटून राहतं आणि ती जागा पंधरा दिवस खाजत बसते.